संगणकाच्या जाळ्यातील शीव आणि वेस

बालाघाटच्या डोंगररांगांमुळे घाटमाथा आणि गोदाकाठचा सखल प्रदेश अशा दोन भागांत विभागलेला बीड जिल्हा आज ११ तालुक्यांचा आहे. या जिल्ह्याच्या कारभाराचा मोठा भाग आता संगणकावर चालतो. सातबाराचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, उत्पन्नाचा दाखला, निराधारांचे अनुदान, शाळेची पटनोंदणी ही कामे पूर्वी कागदोपत्री होत आणि त्यांची बाडे एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात. आता ती माहिती तारांतून आणि प्रकाशतंतूंतून प्रवास करते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. त्यामुळे तालुक्याच्या कार्यालयातील संगणक जिल्ह्याच्या संगणकाशी बोलू शकला नाही, तर ती केवळ यंत्राची अडचण राहत नाही. खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा हक्क तेवढा काळ अडून राहतो.

असा संपर्क तुटण्याची कारणे अनेक असतात. तार तुटणे, वीज जाणे ही कारणे सर्वांच्या लक्षात येतात. परंतु तार शाबूत असून, वीज असून, दिवे लुकलुकत असूनही संदेश पोहोचत नाही, असेही घडते. अशा वेळी दोष पुष्कळदा चार अंकगटांच्या एका ओळीत दडलेला असतो. तिला संगणकाच्या परिभाषेत ‘सबनेट मास्क’ म्हणतात. ही ओळ म्हणजे काय आणि कारभार पाहणाऱ्या व्यक्तीने ती का समजून घ्यावी, याचा विचार येथे केला आहे.

पिन क्रमांकाचा दाखला

पत्ता आणि पत्त्यातील विभागणी ही कल्पना आपल्याला नवी नाही. टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिन क्रमांकाची पद्धत सुरू केली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी होते. या सहा अंकी क्रमांकातील पहिले तीन अंक पत्र कोणत्या वर्गवारी जिल्ह्याकडे धाडावयाचे ते सांगतात आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय दाखवितात. बीड शहराचा क्रमांक ४३११२२, गेवराईचा ४३११२७, तर अंबाजोगाईचा ४३१५१७ आहे. मुंबईत पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्याला गेवराई कोठे आहे, हे ठाऊक असण्याची गरज नाही. ४३१ एवढे वाचून तो पत्र योग्य थैलीत टाकतो. उरलेले तीन अंक पुढच्या टप्प्यावर वाचले जातात.

याच जिल्ह्यातील आष्टीचा क्रमांक मात्र ४१४२०३, पाटोद्याचा ४१४२०४ आणि शिरूर कासारचा ४१३२४९ आहे. महसुली दृष्ट्या ही तिन्ही ठिकाणे बीडची असली, तरी टपालाच्या दृष्टीने त्यांचा मार्ग वेगळा आहे. पत्त्याची विभागणी केवळ नकाशावरील हद्दीवरून होत नाही. संदेश ज्या मार्गाने जाणार, त्या मार्गावरून ती ठरते. संगणकाच्या जाळ्यालाही हा नियम लागू पडतो.

पिन क्रमांकाची एक सोय अशी की, तो कोठे तोडून वाचावयाचा हे कायमचे ठरलेले आहे. संगणकाच्या पत्त्यात ही तोडणी प्रत्येक जाळ्यासाठी वेगवेगळी असू शकते. म्हणून पत्त्याबरोबर तोडणीची खूणही सांगावी लागते. ती खूण म्हणजेच सबनेट मास्क होय.

पत्त्याची घडण

जाळ्यातील प्रत्येक संगणकास, मुद्रकास किंवा हजेरीच्या यंत्रास एक क्रमांक दिलेला असतो. त्यास आयपी पत्ता म्हणतात. प्रचलित चौथ्या आवृत्तीत हा पत्ता १०.२०.२१.३७ अशा चार गटांत लिहिला जातो आणि प्रत्येक गटात ० ते २५५ यांपैकी एक संख्या असते. संगणक मात्र ही संख्या द्विमान पद्धतीने, म्हणजे केवळ ० आणि १ या अंकांनी वाचतो. प्रत्येक गटात असे ८ अंक असतात आणि त्यांच्या स्थानांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १ अशा असतात. २१ ही संख्या १६, ४ आणि १ यांची बेरीज असल्यामुळे ती ०००१०१०१ अशी लिहिली जाते. चार गट मिळून ३२ अंक होतात.

या ३२ अंकांपैकी डावीकडील काही अंक जाळ्याचे असतात आणि उरलेले त्या जाळ्यातील यंत्राचे असतात. गावाचे नाव आणि घर क्रमांक यांसारखेच हे नाते आहे. मास्कमध्येही ३२ अंक असतात. त्यात जाळ्याच्या भागावर १ आणि यंत्राच्या भागावर ० लिहितात. उदाहरणार्थ, २५५.२५५.२४०.० हा मास्क द्विमान पद्धतीत ११११११११.११११११११.११११००००.०००००००० असा होतो. यात डावीकडून २० अंक १ आहेत, म्हणून तोच मास्क थोडक्यात ‘/२०’ असाही लिहितात.

धान्याच्या पोत्यावर मार्का उठविताना अक्षरांच्या आकारात कापलेला पत्रा वापरतात. कापलेल्या जागेतून रंग उतरतो आणि बाकीचा भाग झाकला जातो. मास्कचे काम नेमके तसेच आहे. जेथे १ आहे तेथे पत्त्यातील अंक जसाच्या तसा उमटतो. जेथे ० आहे तेथे तो झाकला जाऊन शून्य होतो. जे उमटते तो जाळ्याचा पत्ता.

तिरप्या रेघेबाबत एक सूचना आवश्यक आहे. महसुली कागदपत्रांत भूमापन क्रमांक ११२/३ असा लिहिला, तर रेघेनंतरचा अंक हिश्शाचा असतो. येथे तसे नाही. येथे रेघेनंतरचा अंक जाळ्याच्या वाट्यास किती अंक गेले हे सांगतो. म्हणून तो अंक जितका मोठा, तितके जाळे लहान. /२० च्या जाळ्यात ४०९६ पत्ते मावतात, तर /२८ च्या जाळ्यात केवळ १६.

अकरा तालुक्यांची वाटणी

मंत्रालय, जिल्हा मुख्यालये आणि तालुके यांना जोडणारे राज्यव्यापी जाळे महाराष्ट्रात उभे आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याच्या राष्ट्रीय योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली आणि पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अशा जाळ्यात पत्त्यांची वाटणी कशी करता येते, हे बीडच्या उदाहरणाने पाहता येईल. येथील पत्ते केवळ विषय समजावा म्हणून योजिलेले आहेत. ते कोणत्याही कार्यालयाचे प्रत्यक्ष पत्ते नव्हेत.

समजा, जिल्ह्याच्या वाट्यास १०.२०.०.० /१६ हे जाळे आले. यात ६५,५३६ पत्ते आहेत. जिल्हा मुख्यालय आणि ११ तालुके मिळून १२ भाग हवेत. द्विमान पद्धतीत भाग २, ४, ८, १६ असेच पडतात. म्हणून १६ भाग करावे लागतील. त्यासाठी यंत्राच्या भागातील ४ अंक जाळ्याकडे घ्यावे लागतात आणि /१६ चे /२० होते. प्रत्येक भागाला ४०९६ पत्ते मिळतात आणि तिसऱ्या गटातील संख्या १६ च्या टप्प्याने वाढते. मुख्यालयास १०.२०.०.०, बीड तालुक्यास १०.२०.१६.०, आष्टीस १०.२०.३२.०, पाटोद्यास १०.२०.४८.० याप्रमाणे वाटणी होते. बारा भाग दिल्यानंतर चार भाग शिल्लक राहतात.

हे चार भाग वाया गेले, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु या जिल्ह्याचा इतिहासच त्याचे उत्तर देतो. पूर्वी बीड जिल्ह्यात ७ तालुके होते. पुढे परळी, धारूर, वडवणी आणि शिरूर कासार हे तालुके निर्माण झाले आणि संख्या ११ झाली. सात तालुके असतानाच कोणी अशी योजना आखली असती, तर मुख्यालय धरून ८ भाग त्याला अगदी नेमके वाटले असते. एकही भाग शिल्लक न ठेवता केलेली ती नेटकी वाटणी नव्या तालुक्यांच्या निर्मितीबरोबर कोलमडली असती आणि जुन्या कार्यालयांतील यंत्रांचे पत्ते नव्याने लिहावे लागले असते. मास्क ठरविणे हे गणित खरे, पण त्या गणितात किती वाढ गृहीत धरावयाची, हा निर्णय प्रशासनाचा आहे. तो तंत्रज्ञावर सोपवून चालत नाही. कारण नवे कार्यालय, नवी शाळा किंवा नवी पंचायत केव्हा होणार, हे त्याला ठाऊक नसते.

आपला की परका

आता मास्कचा प्रत्यक्ष उपयोग पाहू. सोयीसाठी प्रथम असे धरू की, बीड तालुक्यातील सर्व यंत्रे एकाच जाळ्यात आहेत. त्यांतील एका संगणकाचा पत्ता १०.२०.२१.३७ आणि मास्क २५५.२५५.२४०.० आहे. त्याला १०.२०.३०.५ या यंत्राकडे संदेश पाठवावयाचा आहे. संगणक प्रथम दोन्ही पत्त्यांवर मास्क ठेवतो. २१ म्हणजे ०००१०१०१; त्यातील पहिले चार अंक ठेवून बाकीचे झाकले की ०००१००००, म्हणजे १६ उरतात. ३० म्हणजे ०००११११०. त्यातूनही १६ च उरतात. दोघांचे जाळे १०.२०.१६.० हेच निघाले. समोरचे यंत्र आपल्याच शिवेतील आहे, हे ओळखून संगणक त्याला थेट हाक मारतो.

परंतु संदेश १०.२०.३३.५ कडे जावयाचा असेल, तर ३३ म्हणजे ००१००००१ मधून ३२ उरतात. हे जाळे वेगळे, म्हणजे आष्टीचे आहे. अशा वेळी संगणक थेट हाक मारीत नाही. तो संदेश वेशीवर नेऊन देतो. ही वेस म्हणजे राउटर होय आणि तिच्या पत्त्यास ‘गेटवे’ म्हणतात. पुढचा मार्ग शोधण्याचे काम राउटरचे असते. शीव ओळखण्यासाठी मास्क आणि शिवेबाहेर जाण्यासाठी वेस, एवढ्या दोन गोष्टींवर जाळ्याचा सारा व्यवहार चालतो.

चार हजार यंत्रे एकाच जाळ्यात ठेवणे मात्र इष्ट नसते. एकमेकांचा शोध घेण्यासाठी यंत्रे सर्वांना उद्देशून हाका देत असतात आणि जाळे मोठे झाले की या गलबल्यातच त्याची शक्ती खर्च होते. म्हणून तालुक्याच्या भागाची पुन्हा वाटणी करतात. /२० चे /२८ केले, तर १६ पत्त्यांचे २५६ लहान भाग होतात. ते ग्रामपंचायती, शाळा आणि आरोग्य केंद्रे यांना देता येतात. उदाहरणार्थ, १०.२०.१८.३२ पासून १०.२०.१८.४७ पर्यंतचा भाग एका ग्रामपंचायतीस दिला, तर तेथील प्रत्येक यंत्राचा मास्क २५५.२५५.२५५.२४० होईल. यांपैकी पहिला पत्ता जाळ्याच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना उद्देशून द्यावयाच्या हाकेसाठी राखीव असतो. एक पत्ता राउटरला दिला की संगणक, मुद्रक आदी यंत्रांसाठी १३ पत्ते उरतात.

इतकी बारीक वाटणी झाली, तरी जिल्हा मुख्यालयातील राउटरला प्रत्येक पंचायतीची नोंद ठेवावी लागत नाही. १०.२०.१६.० /२० म्हणजे बीड तालुका, एवढी एक नोंद त्याला पुरते. मुंबईच्या टपाल कर्मचाऱ्याला जसे ४३१ पुरते, तसेच हे आहे. मात्र त्यासाठी तालुक्याचे सर्व पत्ते एका सलग भागातील असले पाहिजेत. एखाद्या गावाचा प्रकाशतंतू शेजारच्या तालुक्यातून आला असेल, तर त्या गावाचा पत्ताही शेजारच्या भागातून देणे सोयीचे असते. पिन क्रमांकाच्या बाबतीत आष्टी-पाटोद्याचे उदाहरण हेच सांगते.

ही पद्धत कशी रूढ झाली

आयपी पत्त्याची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झाली. त्या वेळी जाळ्यांचे ठराविक वर्ग पाडलेले होते. पहिल्या वर्गातील एका जाळ्यात १,६७,७७,२१६ पत्ते, दुसऱ्यात ६५,५३६ आणि तिसऱ्यात केवळ २५६ पत्ते असत. तीनशे यंत्रे असलेल्या संस्थेला तिसरा वर्ग अपुरा पडे आणि दुसरा घेतला तर ६५,००० पत्ते पडून राहत. शिवाय एकाच संस्थेतील वेगवेगळ्या इमारतींची जाळी वेगळी ठेवण्याची सोय नव्हती. ऑगस्ट १९८५ मध्ये जेफ्री मोगुल आणि जॉन पोस्टेल यांनी उपजाळ्यांची प्रमाण पद्धत मांडली आणि तिच्याबरोबर मास्क व्यवहारात आला. सप्टेंबर १९९३ मध्ये वर्गांचे बंधनच काढून टाकण्यात आले आणि तोडणी कोणत्याही अंकावर करता येऊ लागली.

या पद्धतीने पत्त्यांची नासाडी थांबली, तरी एकूण पत्ते मर्यादितच होते. ३२ अंकांतून जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते तयार होतात. जागतिक साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. कार्यालयांच्या अंतर्गत जाळ्यांसाठी १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ यांनी सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले आहेत. ते कोणालाही आपल्या आवारात वापरता येतात. सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ अंकांचा आहे. तिच्या स्वीकारासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये पहिला आणि मार्च २०१३ मध्ये दुसरा आराखडा जाहीर केला. या आवृत्तीत मास्क चार गटांत लिहीत नाहीत. रेघेनंतरची संख्या तेवढी लिहितात. तोडणीची कल्पना मात्र तीच आहे.

चूक कशी ओळखावी

अनेक ठिकाणी पत्ता आणि मास्क यंत्राला आपोआप मिळतात. परंतु मुद्रक, हजेरीचे यंत्र, सर्व्हर यांना पत्ता सहसा हाताने द्यावा लागतो आणि तेथेच चुका होतात. त्यांचे दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात मास्क हवा त्यापेक्षा सैल असतो. १० ने सुरू होणारा पत्ता टाइप केला की, काही प्रचलित संगणक-प्रणाली मास्कच्या रकान्यात स्वतःहून २५५.०.०.० भरतात. हा १९८१ च्या जुन्या वर्गवारीचा अवशेष आहे. तो तसाच मान्य केला, तर संगणकाला १० ने सुरू होणारे प्रत्येक यंत्र आपल्याच शिवेतील वाटू लागते. आष्टीचा संदेश तो वेशीवर देत नाही. आपल्याच आवारात हाका मारीत राहतो आणि उत्तर येत नाही. याची खूण विलक्षण असते. बाहेरच्या जगातील संकेतस्थळे व्यवस्थित उघडतात, पण दुसऱ्या तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा अंतर्गत सर्व्हर तेवढा उघडत नाही. साहजिकच दोष सर्व्हरच्या माथी मारला जातो.

दुसऱ्या प्रकारात मास्क हवा त्यापेक्षा आवळ असतो. बीड तालुक्याच्या वरील उदाहरणात १०.२०.२१.३७ या यंत्रावर २५५.२५५.२४०.० ऐवजी २५५.२५५.२५५.० लिहिले आणि गेटवे १०.२०.१६.१ असला, तर वेशीचा पत्ताच शिवेबाहेरचा ठरतो. मग त्या यंत्राचा बाहेरच्या जगाशी संबंध सहसा तुटतो; केवळ १०.२०.२१ ने सुरू होणारी यंत्रे तेवढी त्याला सापडतात.

दोन्ही प्रसंगी तार बदलून किंवा नवा संगणक खरेदी करून काही साधत नाही. शेजारच्या चालू संगणकाचा मास्क आणि गेटवे पाहून ते आपल्या यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहणे, ही पहिली तपासणी आहे. तिला खर्च येत नाही आणि पाच मिनिटे पुरतात.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उपजाळे वेगळे केले म्हणजे माहिती सुरक्षित झाली, असे नाही. मास्क ही शीव आहे, भिंत नव्हे. विद्यार्थ्यांच्या संगणक कक्षाचे जाळे मुख्याध्यापकांच्या कार्यालयापासून वेगळे ठेवणे योग्यच आहे. पण कोणाला वेस ओलांडू द्यावयाची, हे नियम राउटरवर किंवा फायरवॉलवर घालावे लागतात. शीव आखली असेल, तरच पहारा कोठे ठेवावा हे ठरविता येते, एवढाच मास्कचा त्यातील वाटा आहे.

नोंदवहीचे महत्त्व

ग्रामपंचायतीत घरांची कर आकारणी नमुना ८ मध्ये लिहिलेली असते. कोणते घर कोणाचे, याविषयी शंका आली की ती नोंदवही उघडली जाते. जाळ्यातील पत्त्यांसाठी अशीच एक साधी वही प्रत्येक कार्यालयात, शाळेत आणि पंचायतीत असणे हितावह आहे. तिच्यात आपल्या जाळ्याचा पत्ता, मास्क, गेटवे, कोणता पत्ता कोणत्या यंत्रास दिला आणि कोणते पत्ते शिल्लक आहेत, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. ही वही कुलपात असावी, पण तिचा ठावठिकाणा एकाहून अधिक जणांना माहीत असावा. कर्मचारी बदलून गेला किंवा देखभालीचा ठेका संपला, तर जाळ्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाऊ नये, हा यामागील हेतू आहे.

शिक्षकांनाही या विषयात एक संधी आहे. द्विमान पद्धती विद्यार्थ्यांना पुष्कळदा निरर्थक कोडे वाटते. आपल्या शाळेतील संगणकाचा पत्ता फळ्यावर लिहून त्यावर मास्क ठेवण्यास सांगितले, तर त्याच गणिताने आपल्या गावातील पत्ता आणि परगावचा पत्ता ओळखता येतो, हे मुलांना स्वतः पडताळून पाहता येईल.

जिल्ह्याची, तालुक्याची आणि गावाची हद्द आखताना प्रशासनाने लोकांची सोय, रस्ते आणि पुढील वाढ यांचा विचार करावा, ही अपेक्षा सर्वमान्य आहे. संगणकाच्या जाळ्यातील हद्द डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती आखताना हा विचार सोडून देण्याचे कारण नाही. ती नीट आखली, लिहून ठेवली आणि वेळोवेळी तपासली, तर दूरच्या वाडीतून आलेल्या माणसाला ‘आज सर्व्हर बंद आहे’ हे उत्तर ऐकून परत जाण्याचे प्रसंग निश्चितच कमी होतील.